काहिलीचा दोर

ऐकून कुणी हसलं तर हसू द्या. पण कुंडलच्या नाथाजीच्या बाबतीत हे खरंच घडलं, आणि त्याचा धाकटा भाऊ केरबा त्या वेळी त्याच्या शेजारी उभा होता.

साल सेहेचाळीस. श्रावण महिना. जागा कृष्णेचा काठ.

आणि रात्र नव्हती... लख्ख दुपार होती.

नाथाजी महायुद्धात तेलाच्या जहाजावर होता. लढाऊ जहाजांना भर समुद्रात तेल द्यायचं, हे त्याचं काम. दोन जहाजं शेजारी शेजारी, एकाच वेगानं चालायची. मधे जाड दोर. दोराला टांगलेली रबरी नळी.

एवढं तेल म्हटल्यावर नियम कडक. चूल विझवायची. विडी नाही. खिळ्यांचे बूट नाहीत, ठिणगी उडते. दोन्ही जहाजांवर दोरापाशी एकेक माणूस कुऱ्हाड घेऊन उभा.

सगळ्यात मोठा नियम हाकेचा. एकानं जे म्हटलं, ते समोरच्यानं तसंच म्हणायचं. म्हणजे ऐकल्याची खात्री. ‘सोडा’ आलं, की आपणही ‘सोडा’ म्हणायचं आणि दोर तोडायचा. का, कशाला, विचारायचं नाही. तुटला की तोडणाऱ्यानंच ‘सोडलं’ म्हणायचं. समोरूनही ‘सोडलं’ आलं, की काम संपलं.

तोवर जागेवरून हलायचं नाही.

पुष्कळदा समोरच्या जहाजावर कुऱ्हाड घेऊन असायचा जतकडचा धुळा. हुकूम हिंदीत यायचे, पण हे दोघं समोरासमोर आले की मराठीच.

“आरं कुंडलकर, गुळाचा खडा फेक की इकडं!”

“तोंड उघडं ठेव गड्या, नेम धरतो!”

एका संध्याकाळी धुळाच्या जहाजाला आग लागली. नळी जोडलेलीच होती. धुरातून धुळाची हाक आली, “सोडाऽऽ!”

“सोडाऽऽ!” म्हणत नाथाजीनं कुऱ्हाड घातली. नाथाजीचं जहाज वाचलं.

“सोडलंऽऽ!” तो ओरडला.

समोरून उत्तर आलं नाही...

नंतर नाथाजी गावी आला. पंचमीला त्याची बायको अंजना पलीकडच्या तीरावर माहेरी गेली, आणि पाणी चढून माहेरच्या घराला लागलं. नाव बंद. अंजना पोटुशी. दिवस भरत आलेले. तिला आणायचं कसं?

तेव्हा पूर आला की आपल्याकडं लोक गुऱ्हाळातल्या काहिलीतून नदी ओलांडायचे. गूळ शिजवायची ती थोरली कढई. तरंगते छान, पण गरगर फिरते. म्हणून तिच्या कडीला लांब दोर बांधून काठावरून ओढायची. आकाराम नावाचा पोहणारा गडी काहील घेऊन पलीकडं गेला आणि अंजनाला बसवून निघाला. दोराचं दुसरं टोक अलीकडं बाभळीला.

नाथाजीनं बाभळीपाशी कुऱ्हाड ठेवली.

“दादा, वयनीला न्यायला आलायस का लाकडं फोडाय?” केरबा हसला.

“दोर हाय तिथं कुऱ्हाड पायजे. तू ओढ.”

काहील मधोमध आली.

आणि नदीचा आवाज बंद झाला...

पाणी वाहत होतं. केरबाचे ओठ हलत होते. पण नाथाजीला काही ऐकू येईना.

मग पाण्यावरून हाक आली...

“सोडाऽऽ!”

आकारामनं तोंड उघडलं नव्हतं. अंजनानं डोळे मिटले होते.

आवाज धुळाचा होता.

तोडावा, तर अंजना पुरात. न तोडावा, तर... धुळा उगीच ‘सोडा’ म्हणायचा नाही.

“सोडाऽऽ!” नाथाजी ओरडला आणि केरबाच्या हातापुढं दोरावर कुऱ्हाड घातली.

“दादा! आरं काय केलंस ह्ये!” केरबानं त्याचा गळाच धरला. काहील भोवऱ्यासारखी फिरत धारेबरोबर वाहत गेली.

तेवढ्यात पाण्याखालून एक आख्खा उंबर उसळला, मुळ्यांसकट. दोर तोडला नसता, तर काहील नेमकी तिथंच थांबली असती.

केरबानं भावाचा गळा सोडला.

दोघं काठानं पळत सुटले. वळणावर, पाण्यात बुडालेल्या उसात काहील अडकली होती. अंजना आत बसलेली. जिवंत.

आकाराम पाण्यात उतरून, काहिलीमागं लोंबणारा दोर गोळा करू लागला. दोर सरसर हाताशी आला...

आणि थांबला.

ताठ झाला. मधल्या धारेकडं.

“उंबरात गुतला आसंल,” आकाराम म्हणाला.

उंबर तर कधीच खाली वाहून गेला होता. आणि दोर होता वरच्या अंगाला, वाहत्या पाण्याच्या उलट.

मग दोराला हिसका बसला...

काहील उसातून मागं सरकली.

“आवं, धरा!” अंजना किंचाळली.

तिघांनी काहिलीचे काठ धरले. पायाखालचा चिखल सुटू लागला. काहील सरकतच होती.

“सोडलं!” नाथाजी नदीकडं बघून ओरडला. “धुळा, सोडलं रं! सोडलं!”

नदी गप्प.

दोर आणखी ताणला गेला.

काठ धरताना नाथाजीनं हातातली कुऱ्हाड काहिलीत टाकली होती. अंजनानं ती उचलली आणि दात आवळून कडीशी घातली. एकदा. पुन्हा एकदा.

दोर तुटला. धारेच्या उलट सरळ वर गेला आणि बुडाला.

केरबानं वहिनीला उचलून काठावर आणलं. ती हसायचा प्रयत्न करत होती. नाथाजी मात्र पाण्यातच उभा.

“अंजना,” त्यानं हळूच विचारलं, “तोडताना काय म्हनालीस?”

“काय म्हनायचं हुतं?”

“...कायबी न्हाई म्हनालीस?”

“आवं, जीव चालला हुता माजा! कुनाला काय म्हनू?”

नाथाजीनं नदीकडं बघितलं. मग म्हणाला, “मंग धुळाला कसं कळायचं, सुटलं म्हनून?”



समोर, मधल्या धारेत, पाण्यावर ताणलेल्या दोरासारखी एक बारीक सरळ रेघ उमटली होती. एवढा पूर, पण ती जागची हलत नव्हती.

आणि तिचं अलीकडचं टोक... हळूहळू काठाकडं येत होतं.