पहिल्या भाकरीची नावं

पॉडकास्ट शिकायला मी गेले ती निव्वळ धंद्यासाठी. घरून व्यवसाय करणाऱ्या बायकांची जाहिरात करून देणं हे माझं काम. डोंबिवलीतल्या लोणचीवाल्या, फराळवाल्या, ब्लाउज शिवणाऱ्या, सगळ्या माझ्या गिऱ्हाईक. त्यांच्या मुलाखती घ्याव्यात, त्यांचंही नाव होईल आणि माझंही, असा हिशेब करून मी ठाण्यात माजिवड्याला हितेशच्या शनिवारच्या क्लासला जायला लागले.

आणि चक्क रमले. स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना माझ्या कानात कुणी ना कुणी बोलत असायचं. दिवसभर स्वतःच्याच कटकटीत अडकलेल्या बाईला दुसऱ्याच्या आयुष्यात डोकावायला मिळतं, यासारखं सुख नाही. पण खरी गोडी लागली ती एडिटिंगची. हितेश सांगायचा, "मॅडम, ऐकणारा भांडी घासता घासता ऐकतो. तुम्ही जरा गप्प झालात की तो गेला दुसरीकडे." म्हणून श्वास, अडखळणं, घसा खाकरणं, शांतता, दिसेल ते उडवायचं. मुळात समोरचा बोलता बोलता थांबला की मला सहन होत नाही. लोकांची वाक्यंसुद्धा मीच पुरी करते. त्यामुळे हे काम माझ्याचसाठी काढलंय असं मला वाटायचं.

कमळाबाई माझ्या पहिल्या मोठ्या पाहुण्या. कल्याणजवळ, मोहन्याच्या पुढे त्यांचं गाव. आगरी घरातल्या हळदीला तांदळाच्या भाकऱ्या पुरवायचं त्यांचं काम, हाताखाली गावातल्या बायका. मी दुपारी त्यांच्या पडवीत गेले, पंखा बंद करायला लावला, माइक चुलीपासून लांब ठेवला आणि कानाला हेडफोन लावले. त्या छान बोलत होत्या. तव्यावरून पहिली भाकरी उतरली आणि ती त्यांनी बाजूच्या पानावर काढून ठेवली. मग कुणाशी बोलावं तशा साध्या आवाजात घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतली. सासऱ्यांचं, सासूचं, दिराचं. शेवटी म्हणाल्या, "नाथा." आणि गप्प बसल्या.

नाथा हा त्यांचा मुलगा. त्याची मुलगी करिश्मा रांगत होती तेव्हा तो तापानं गेला. आता करिश्माचं लग्न ठरलं होतं, हळद तोंडावर आलेली.

मी सवयीप्रमाणे पुढचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बऱ्याच वेळानं हात खाली घेतला.

"ही नावं नको कापू बाय," त्या म्हणाल्या. "तोंडानं घेतलेल्या नावावरच ती येतान. पोरीच्या हळदीला तिचा बाप आला पायजे."

मी म्हणाले, "नाही कापणार मावशी."

तो शब्द देताना मी खोटं बोलत नव्हते, एवढ्यावर तरी विश्वास ठेवा. घरी येऊन ऐकलं तेव्हा मात्र सगळा भाग जडशीळ वाटला. पीठ, चूल, ऑर्डरी असं झकास चाललेलं असताना मध्येच मेलेल्यांची यादी, आणि वर ती न संपणारी शांतता. मी सासरा, सासू, दीर ठेवले आणि फक्त नाथा नि त्याच्यामागची शांतता उडवली. तिथेच तर ऐकणारे सोडून गेले असते. भाग मस्त जमला, आणि मूळ रेकॉर्डिंग फोनमध्ये जागा अडवतंय म्हणून मी ते पुसून टाकलं.

लोकांना तो फार आवडला. कमळाबाईंना ठाण्याहून, घोडबंदर रोडवरूनसुद्धा ऑर्डरी आल्या. मीही स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग एका सकाळी त्यांचा फोन आला. करिश्मानं त्यांना तो भाग ऐकवला होता.

त्यांनी एवढंच विचारलं, "त्याला कुठं ठेवलास?"

मी म्हणाले, मावशी, वेळेची मर्यादा असते, ते ॲप आपोआप कापतं. ही शुद्ध थाप होती. मला वाटलं, आता त्या रागावतील. त्या हळूच म्हणाल्या, "बाय, मना त्याचं नाव घेता येत नाय... घेतंय, पन आवाजच नाय निघत."

मी त्यांना घशाच्या डॉक्टरांचा नंबर पाठवला. आज ते आठवलं की स्वतःची किळस येते.

हळदीचं आमंत्रण मलाही होतं. जाऊ नये असं फार वाटत होतं, पण न जाण्याला कारण सापडेना. मंडप भरलेला होता. संध्याकाळ उतरत होती. भाकऱ्या, मटणाचा रस्सा, झेंडू यांचा एकत्र वास येत होता. डीजे बंद करायला लावला, कारण धवला सुरू व्हायचा होता. धवला म्हणजे त्यांच्या लग्नातलं गाणं. ते गाणारी धवलारीण आधी देवांना बोलावते आणि मग घरातल्या गेलेल्यांना, एकेकाचं नाव घेऊन. करिश्माच्या शेजारी एक रिकामा पाट मांडला होता, त्यावर नाथाचा फोटो होता.

धवलारीण रंगूबाई चांगल्या खणखणीत आवाजाच्या. सासऱ्याचं नाव आलं, सासूचं आलं, दिराचं आलं. मग त्यांचे ओठ हलले, आणि काहीच ऐकू आलं नाही.

त्यांनी परत प्रयत्न केला. तोंड नीट हलत होतं, गळ्याची शीर फुगत होती. पण तेवढ्यापुरता आवाज नव्हता, आणि त्यांचाच नव्हे, तेवढ्यापुरता मंडपातल्या पंख्यांचाही आवाज बंद होत होता. रडणाऱ्या बाळाचाही. नावाएवढी जागा जायची आणि मग सगळं पुन्हा सुरू व्हायचं. ती शांतता मी लगेच ओळखली. तुकडा उडवला आणि जागा भरायची राहिली की हेडफोनमध्ये अशीच शांतता ऐकू येते.

करिश्मानं बापाच्या फोटोकडे बघत हाक मारून पाहिली. तिच्या काकांनी पाहिली. फोटोखाली नाव लिहिलेलं होतं, सगळ्यांना वाचता येत होतं. मीसुद्धा तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं. जीभ टाळ्याला लागली, ओठ उघडले, कानात काही आलं नाही. बायका एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, राहू दे, पुढचं गा. करिश्मा म्हणाली, बाबा आल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही, आणि मांडीवर हळदीची वाटी तशीच घेऊन रडत बसली.

मी उठून कमळाबाईंजवळ गेले. त्यांच्या कानाशी लागून सांगितलं, "मावशी... ॲपनं नाही. मी कापलं."

"ठाव हाय मना," त्या म्हणाल्या.

"मूळ रेकॉर्डिंगही नाही आता. मी पुसलं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "त्या दिशी हाक मारल्यावर त्यानं ओ दिलेला," त्या म्हणाल्या. "म्हनून मी हात वर केला. तुज्या कानाला ते लावलेलं ना... तुला नाय आयकू आला?"

आला होता. हे मी आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्या लांबलचक शांततेत, अगदी माइकजवळ, एका पुरुषाचा 'ओ' होता. कामावरून आलेला माणूस चपला काढता काढता देतो तसा, सहज. मला वाटलं, बाहेरून कुणीतरी बोललं. शांततेसकट तोही उडवून दिला.

"मग आता?" मी विचारलं.

"आता त्याला आमची हाक जात नाय," कमळाबाई म्हणाल्या. "नाव नसलेला मानूस काय करनार... कुनाच्याबी हाकंला जाईल."

त्या उठल्या, नातीजवळ गेल्या आणि स्वतःच्या हातानं तिला हळद लावली. पाट रिकामाच राहिला. नंतर डीजे परत लागला, पण नाचायला फारसं कुणी उठलं नाही. निघताना मी करिश्माला भेटले नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

तो भाग मी काढून टाकला. त्यानं काही फरक पडला नाही. क्लास सोडला, माइक विकला. कमळाबाईंना अधूनमधून फोन करते, त्या माझ्याशी नीट बोलतात, आणि तेच मला जास्त लागतं.

हळदीनंतरच्याच आठवड्यात माझ्या मुलानं, सम्यकनं, आतल्या खोलीतून मला हाक मारली. मी पोळ्या लाटत होते. मी तोंड उघडायच्या आत बाल्कनीतून कुणीतरी म्हणालं, "ओ." सहज, थकल्यासारखं. सम्यकला वाटलं बाबा आलेत. बाबा ऑफिसात होते.

तेव्हापासून असंच चाललंय. शेजारीण दारातून हाक मारते, भाजीवाला खालून ओरडतो, नवरा फोनच्या स्पीकरवरून नाव घेतो. माझ्या आधी तो ओ देतो. सुरुवातीला मी घाबरून त्याच्यावर ओरडायचे. मग लाज वाटायला लागली. आता मला कुणी हाक मारली की मी लगेच उत्तर देत नाही. जरा थांबते, त्याचं होऊ देते. मी, जिला कुणाची क्षणाचीही शांतता खपत नव्हती. रोज सकाळी पहिली पोळी बाजूला काढते आणि त्याचं नाव घ्यायचा प्रयत्न करते. मिक्सर चालू असला तर तोही तेवढ्यापुरता बंद पडतो.

आज दुपारी घरात मी एकटीच होते. फोन बंद होता, दार लावलेलं होतं. कुणी हाक मारलेली नव्हती, मी तर ओठही हलवले नव्हते. बाल्कनीतून आवाज आला, "ओ... आलो." मग पावलं स्वयंपाकघरातून माझ्या जवळून गेली आणि सम्यकच्या खोलीत जाऊन थांबली. खोलीचं दार आतून लागलं. ते अजून उघडलेलं नाही, आणि सम्यक शाळेतून यायची वेळ झालीय. आल्या आल्या तो दारातूनच मला हाक मारतो.