चढावरची सोबत

“क्लच दाबू नका! पाय काढा क्लचवरून!”

कोण ओरडलं ते निकिताला दिसलंच नाही. ट्रॅक्टर मागे सरकतोय, एवढंच तिला कळत होतं. हरसूलच्या घाटात, ऐन वळणावर इंजिनानं दोन आचके दिले आणि ते गप्प झालं. ट्रॉलीत भाताच्या रोपांची आवणी करून परतणाऱ्या बारा बाया होत्या, आणि ट्रॉलीच्या मागे... दरी.

तिनं क्लच सोडला. गचका देऊन ट्रॅक्टर अडकला. तेवढ्यात कुणीतरी धावत येऊन ट्रॉलीच्या चाकांमागे दगड सारले. बाया भराभर उतरल्या. निकिताला मात्र उतरता येईना. ब्रेकवरचा पाय लाकूड झाला होता.

“आता सोडा ब्रेक,” तो हळू म्हणाला. “नाय जाणार मागं. मी बघतोय ना.”

गुडघ्यापर्यंत चिखल, पाठीला बॅग. नाव शेखर. सातपूरच्या एका वर्कशॉपात पंप दुरुस्त करायचा. शनिवारच्या सुट्टीला गावी आला होता आणि वळणावर परतीच्या बसची वाट बघत होता.

निकिता उतरली. तिचे वडील कारभारी कंबरेच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळले, म्हणून यंदा हा जुना ट्रॅक्टर तिच्या हाती आला होता.

“नवा फिल्टर टाकलाय, डिझेलबी भरपूर हाय,” ती रडवेली झाली. “तरी अर्धा तास चालतो न् बंद पडतो. थोडं थांबलं की परत चालू!”

शेखरनं टाकीचं झाकण फिरवलं. ‘सूंऽऽ’ करत हवा आत ओढली गेली.

“सापडलं! डिझेल खाली जातं तशी वरून हवा आत यायला पाहिजे. ती येत नाय, म्हणून डिझेल पंपापर्यंत पोचत नाय.” त्यानं झाकण उलटं केलं. हवेच्या बारक्या भोकात कुंभारीण माशीनं चिखल लिंपून घर केलं होतं. “टोकदार काही हाय का?”

तिनं ओढणीची सेफ्टी पिन काढून दिली. वाऱ्यानं ओढणी उडाली, ती सावरताना दोघांची नजर एकमेकांत अडकली... तिनं घाईनं टाकीत डोकावलं.

“टाकीत काय नाय,” तो हसला.

“मग तुम्हीबी झाकणाकडं बघा!”

त्यानं भोक मोकळं केलं, पाइपातली एअर काढली. इंजिन खणखणीत सुरू झालं. पण निकिता जागची हलेना.

“परत मागं गेला तर?”

“मी बसतो शेजारी.”

“तुमची बस...?”

“ती मघाच गेली,” तो म्हणाला. “तुम्ही टाकीत बघत होता तेव्हा.”

बाया चालत चढ चढल्या. तो मडगार्डवर बसला. घाटमाथ्यापर्यंत निकिता इंजिनाच्या आवाजाकडं कान लावून होती, आणि तो तिच्याकडं बघायचं टाळत होता.

त्यानंतर दर शनिवारी तो वळणावर उभा असायचा. ट्रॅक्टर पुन्हा कधी बंद पडला नाही. मडगार्डवर बसायची आता गरज नाही, असं मात्र दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही.

आवणी संपत आली त्या शनिवारी तो वळणावर नव्हता. फोन लागेना. घाटात पांढरं धुकं कोंडलं होतं.

“सातपूरकडून येणारी जीप वरती उलटली म्हणं,” ट्रॉलीतून लताबाई म्हणाल्या.

निकितानं गिअर टाकला. एक वळण, दुसरं वळण... रस्त्याकडेला आडवी पडलेली जीप, फुटलेली काच, एक चप्पल. माणूस एकही नाही. त्याची चप्पल कशी होती, हे तिला आठवेचना!

माथ्यावर चहाच्या टपरीपुढं गर्दी होती. बाकावर शेखर बसला होता. कोपराला फडकं, शर्टावर रक्त.

“मोबाईल फुटला,” तो ओशाळून म्हणाला. “चालत येतच होतो, पण ह्यांनी बसवून ठेवलं...”

“तुला काय झालं असतं म्हणजे?” ती ओरडली. चहा पिणारी माणसं वळून बघायला लागली. तोंडून ‘तू’ गेलं, हे तिला उशिरा कळलं. पण आता परत घ्यावंसं वाटेना.

“एकटीच चढलात घाट?” त्यानं विचारलं.

तिनं मागं वळून पाहिलं. खालचा रस्ता धुक्यात बुडाला होता.

“घाट दिसलाच नाय मला. नुसता तूच...” तिचा आवाज फुटला. “असं परत नाय सोसणार मला, शेखर.”

तो बाकावरून उठला.

“मग... येऊ का कारभारीकाकांना विचारायला? पण त्यांचीच लय भीती वाटते.”

“मलाबी वाटते,” ती डोळे पुसत ट्रॅक्टरवर चढली. “म्हणून आत्ताच चल. उद्यावर टाकलं तर दोघंबी कच खाऊ.”

आणि सगळ्या बाया बघत असताना तिनं त्याच्यापुढं हात केला.