एस्तेरताईच्या हातची चव

तो पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती, पिशवीत एक मासा होता, आणि मासा पोटापासून शेपटीपर्यंत फाटलेला होता.

"हा शिवता येईल का?" त्यानं विचारलं.

मी वर पाहिलं. चर्चमधल्या पहाटेच्या मिस्साहून थेट आलेला दिसत होता. केस नीट विंचरलेले, शर्ट इस्त्रीचा... आणि बाह्यांना खवले चिकटलेले.

"शर्ट तर फाटलेला नाही."

"अहो, मासा!"

डागुपानच्या बाजारात मी बांगुस माशाचं रेलेनो करते. अख्खा मासा कातड्याला चीर न पाडता आतून रिकामा करायचा, मांस उकडून काटे वेचायचे, गाजर-वाटाणे घालून परतायचं आणि त्याच कातड्यात पुन्हा भरायचं. तळून ताटात ठेवला की मासा जसाच्या तसा दिसला पाहिजे. ख्रिसमसच्या आधी रोज चाळीसेक मासे माझ्या हाताखालून जातात. पण शिवून घ्यायला आजवर कुणी आलं नव्हतं.

त्याचं नाव क्रिसान्तो, घरी आन्तो. नदीपलीकडच्या गॅरेजात प्रवासी जीपनी गाड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. सहा भावंडांतला धाकटा. पंचवीसला दुपारी सगळे थोरल्या बहिणीकडे, एस्तेरताईकडे जमायचे, प्रत्येकजण एकेक पदार्थ घेऊन. हा दहा वर्षं बर्फ नेत होता.

"बर्फ?"

"कुणीतरी न्यायलाच हवा ना!" मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "परवा एस्तेरताई सगळ्यांसमोर म्हणाली, ज्याला बर्फापलीकडे काही सुचत नाही त्याला मुलगी कोण देणार? मी म्हटलं, यंदा रेलेनो मी आणतो. तुझ्यापेक्षा चांगलं."

"मग विकत न्या की."

"ती लगेच ओळखेल. स्वतः करते ती. तिच्यासारखं रेलेनो अख्ख्या पांगासिनान प्रांतात कुणी करत नाही. बेदाणे कालामान्सी लिंबाच्या रसात भिजवते, त्यामुळे मध्येच दाताखाली असं आंबटगोड... जाऊ दे, सांगून नाही कळायचं."

माझा हात थांबला. बेदाणे कालामान्सीत भिजवणारी बाजारात मी एकटी. आणि जाड चष्म्याची, खणखणीत आवाजाची एक एस्तेर सात वर्षं दर चोवीस डिसेंबरला माझ्याकडून भरलेले दोन मासे घरच्या डब्यात घालून नेत होती. तळायची तेवढी घरी.

पण एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं.

"उद्या मिस्सा झाला की या," मी म्हटलं. "दोन मासे आणा. आणि जुना शर्ट घाला."

तो आला. रोज आला. पहिले तीन दिवस मासे फाटतच राहिले. घट्ट बसलेले नट सोडवणारे हात ते, जोर नको तिथे नेमका जोर. फाटलेल्या माशांचं चिंचेचं सार व्हायचं, आणि ते आम्ही शेजारच्या भाजीवाल्या पुरिंगमावशीबरोबर भातावर ओतून खायचो. कल्ल्यातून आत घातलेली चपटी काठी कातडं आणि मांस यांच्यामधून कशी सरकवायची, ते शेवटी मी त्याच्या मनगटावर हात ठेवूनच दाखवलं.

"हळू... श्वास घ्या की जरा."

"कसा घेऊ? तुम्ही हात धरलाय."

पुरिंगमावशी उगाचच खोकली.

चौथ्या दिवशी कातडं अख्खं निघालं. आन्तो ते घेऊन कोंबडीवाल्यापासून तांदूळवाल्यापर्यंत सगळ्यांना दाखवून आला. त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करू लागलो.

सातव्या दिवशी मीच म्हटलं, "तुला येतं आता. घरी करशील."

"हो... तीन दिवस झाले."

"मग येतोस कशाला?"

"आल्याचा चहा छान असतो इथला."

"चहा तूच आणतोस, चर्चच्या दारातून."

तो कानापर्यंत लाल झाला. थोडा वेळ गाजर चिरत राहिला. मग मान वर न करता म्हणाला, "फीना, पंचवीसला दुपारी काय करतेस?"

"झोपते."

"त्याआधी आमच्याकडे जेवायला ये ना."

मी "बघते" म्हटलं. मनात हो होतं, पण डोळ्यांसमोर जाड चष्मा आला.

चोवीसला आन्तो आपला मासा घेऊन गेला आणि तासाभरात एस्तेर डबा घेऊन हजर.

"यंदा मीठ नीट बघ हं. आमच्या धाकट्यानं खूळ घेतलंय रेलेनोचं. कोण बाई शिकवतेय त्याला, देव जाणे!"

"मी," मी म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "त्याला... सांगितलंस?"

"नाही. पण त्यानं मला जेवायला बोलावलंय. तुम्हाला नको असेल तर नाही येत."

तिनं डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. "पहिल्या वर्षी मीच केलं होतं गं. फाटलं. म्हणून गुपचूप तुझ्याकडून नेलं, तर सगळ्यांनी इतकं वाखाणलं... मग तोंड उघडायची सोयच राहिली नाही."

डबा घेऊन ती निघून गेली. ये म्हणाली नाही, येऊ नकोसही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तीनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली.

एस्तेरताईच्या टेबलावर जागा नव्हती: साखरेत परतलेलं हॅम, पान्सितच्या शेवया, गोड स्पॅगेटी, लाल मेणातला चीजचा गोळा. मधोमध आन्तोचा बांगुस. शेपटीकडे किंचित करपलेला, पण अख्खा. थोरल्या भावानं पहिला घास घेतला आणि चमकला.

"अरे, ही तर थेट ताईची चव! ताई, तुझं रेलेनो कुठंय?"

सगळे एस्तेरकडे पाहू लागले. मी ताटाकडे.

"फ्रीजमध्ये," ती म्हणाली. "आणि ते माझं नव्हतंच कधी. या मुलीचं आहे. सात वर्षं मी हिचंच खायला घालतेय तुम्हाला. हसा आता!"

ते हसले. अगदी डोळे पुसेपर्यंत. हसला नाही फक्त आन्तो. उठून अंगणात गेला. मी मागोमाग गेले.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो. बेदाण्यांवरून कळलं."

"आणि मी रोज तुझ्यासमोर तुझ्याच चवीचं कौतुक करत होतो... वेड्यासारखा!"

"मला ऐकायला आवडायचं," मी म्हटलं. "रोज ठरवायचे, आज सांगून टाकू. पण सांगितलं असतं, तर तू दुसऱ्या दिवशी आला नसतास."

तो वळला.

"फीना, मला आता बांगुसचा वाससुद्धा सहन होत नाही," तो म्हणाला. "तरी आलो असतो."

आतून एस्तेरताईचा खणखणीत आवाज आला, "अरे, तिला उपाशी ठेवणार आहेस का?"

आन्तोनं माझा हात धरला आणि आम्ही आत गेलो. सगळ्यांदेखत. जेवायला बसल्यावरही त्यानं तो सोडला नाही, म्हणून ते सगळं जेवण मी डाव्या हातानं जेवले.