न पाहिलेली थाळी

ज्या पेशींकडे पाहावं, त्याच मरत होत्या.

विद्यापीठाच्या रसायन विभागातली ती खोली भरदुपारीही काळोखी असे. तनुजाचा धाकटा भाऊ निहार आजारी होता. पडद्यावर हिरव्या चमकणाऱ्या पेशी त्याच्याच त्वचेतून काढलेल्या होत्या. नवं औषध त्यांना मानवलं, तरच ते निहारला मिळणार होतं. पण काचेच्या दोन थाळ्यांतल्या पेशी तनुजाच्या डोळ्यांदेखत आक्रसल्या आणि विझल्या. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे, हे जणू त्यांना कळत होतं.

"औषधच विषारी दिसतंय," प्रयोगशाळेची प्रमुख चारूमावशी म्हणाली. "संध्याकाळी डॉक्टरांना नको म्हणून कळवते."

"मला वाटतं, दृष्ट लागली," तिचा विद्यार्थी बेंजामिन पुटपुटला. "मीठ-मोहऱ्या ओवाळूया का?"

"आणि म्हणे रसायनशास्त्रात पीएचडी करतोय!" मावशीने त्याला टोकलं.

तनुजाला मात्र हसू आलं नाही. तिने सूक्ष्मदर्शक सांभाळणाऱ्या यंत्रमानवाला विचारलं, "डोळस, कुणीच न पाहिलेली थाळी आहे का रे?"

"आहे. तिसरी, ऊबपेटीत. तेच औषध, तोच रंग," डोळस म्हणाला. "पहिल्या दोन मी अखंड पाहिल्या. नजर हलवू नकोस, असा चारूमॅडमचा हुकूम होता. शिवाय येता-जाता प्रत्येकाने 'एकदाच बघू दे' म्हणत निळा दिवा वाढवायला लावला."

खरंच होतं ते. निहार सगळ्यांचा लाडका. चहाला जातानाही कुणी ना कुणी डोकावून जाई.

मावशीने तिसरी थाळी साध्या, मंद उजेडात तपासली. पेशी टवटवीत होत्या! ती मटकन स्टुलावर बसली.

"पेशी पारदर्शक असतात गं, म्हणून त्यांना रंग देतो. रंग निळा प्रकाश गिळतो आणि हिरवा बाहेर टाकतो (याला प्रतिदीप्ती म्हणतात). पण थोडी ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला मिळते. तो चवताळतो आणि पेशीचेच लचके तोडतो. ही प्रकाशविषबाधा (प्रकाशामुळे पेशीला होणारी इजा). मला ठाऊक होतं, तरी काळजीपोटी बघतच राहिले."

"म्हणजे औषधाने नाही, आपणच मारल्या?" तनुजाने विचारलं.

"हो. बघून बघून."

"मग आता बघायचंच नाही?"

"बघायचं, पण मंद दिव्यात, क्षणभर, तासाभराने एकदा."

दिवा विझला. काळोखात फक्त यंत्राची घरघर उरली. आत त्या मरत तर नसतील? तनुजाचं बोट बटणाकडे गेलं. तिला राहवत नव्हतं. शेवटी ती स्वतःच्या हातांवरच बसून राहिली.

तासाभराने डोळसने पापणी लवते तेवढाच प्रकाश टाकला. पडद्यावर एक फिकट पेशी मधोमध आवळलेली दिसली.

"मरतेय ती!" तनुजा किंचाळली.

"नाही गं," मावशीचे डोळे भरून आले. "एकीच्या दोन होतायत."

तिने डॉक्टरांना फोन लावला. "औषध बाद करू नका. आणखी तपासून सांगते. आशा आहे."

"एकदाच बघू दे ना," बेंजामिन दारातून म्हणाला.

"अजिबात नाही! न दुखवता बघता येईल असा रंग मी शोधून काढेन, तेव्हा ये," तनुजा म्हणाली आणि तिने दार ओढून घेतलं.

आत, काळोखात, निहारच्या पेशी कुणीही न बघता वाढत होत्या.