दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

विश्वास बसला तर बसला, नाहीतर सोडून द्या. मी भुताखेतांच्या नादी लागणारा माणूस नाही. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचे कान तपासून मी यंत्रं बसवतो. म्हणून तर हे सांगायला जड जातंय. पण घडलंय ते अगदी खरं आहे.

गेल्या महिन्यातला रविवार. दुपारचे सव्वातीन. घरात लख्ख ऊन. मी आणि बायको, दोघंच.

मी एक जुनी रेकॉर्ड काढली. एका ब्लूज रॉक बँडचा तिसरा अल्बम, दादाने आणि मी कॉलेजात असताना मिळून घेतलेला. जाणकार त्याला नाकं मुरडतात. पहिली बाजू खरंच यथातथा आहे, गायक उगाच रडतो. पण दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं... त्यात दोन मिनिटं गिटार अशी काही वाजते की बस्स.

दादा दटावायचा, "त्या गाणाऱ्याला सोड रे. मागचं ऐक."

मला ऐकायला त्यानेच शिकवलं.

मग वाटणी झाली. सख्खे भाऊ, पक्के वैरी. सगळं निम्मं निम्मं झालं, हा अल्बमसुद्धा. रेकॉर्ड मी घेतली, कव्हर त्याने. शिकल्यासवरल्या माणसांची अक्कल ही!

पुढे पंधरा वर्षं आम्ही बोललो नाही. माझ्या लग्नाला तो आला नाही. बायकोने त्याला कधी पाहिलं नाही, त्याचा आवाजही कधी ऐकला नाही.

मागच्या वर्षी हॉस्पिटलातून त्याचा फोन आला.

"ती रेकॉर्ड घेऊन ये ना एकदा. ऐकावीशी वाटतेय."

मी म्हणालो, "आधी कव्हर पाठव."

गंमत केली, असं मी सगळ्यांना सांगतो. खोटं आहे ते. मला त्याला नमवायचं होतं.

चौथ्या दिवशी तो गेला. पाचव्या दिवशी कुरिअरने कव्हर आलं. फोन ठेवल्या ठेवल्या त्याने वहिनीला ते पाठवायला पिटाळलं होतं.

त्यानंतर अकरा महिन्यांनी, त्या रविवारी, मी रेकॉर्डवर सुई टेकवली.

दोन गाणी नीट वाजली. तिसरं सुरू झालं. ड्रम, बेस, गायक. मग गिटारची जागा आली...

गिटार नव्हती.

ड्रम चालू. बेस चालू. मधे नुसती खरखर.

सुई पुसली, पुन्हा ठेवली. तेच. मोबाइलवर तेच गाणं शोधून लावलं...

तिथेही नाही.

"गिटार कुठे गेली?" मी ओरडलोच.

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काहीतरीच काय तुमचं? वाजतेय की!"

तिने बोटांनी तालही धरला.

सोमवारी कामावर गेल्या गेल्या स्वतःचे कान तपासले. ठणठणीत. आमची तंत्रज्ञ हसून म्हणाली, "सर, तुम्हाला तर भिंतीपलीकडचंही ऐकू जाईल."

संध्याकाळी वहिनीला फोन केला. "वहिनी, माझं चुकलं."



"हे त्यांना सांगायचं होतंत, भावजी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग त्यालाच सांगितलं. रेकॉर्ड लावून, रिकाम्या खुर्चीसमोर बसून, मोठ्याने. वेडा म्हणा हवं तर. रडलोही.

गिटार आली नाही.

पण बायको दारात थबकली. कान देऊन ऐकायला लागली.

"अहो... त्या गिटारच्या मागे कोणीतरी हसतंय."

"कोण?"

"कोण जाणे. पुरुषाचा आवाज आहे. आधी नव्हता हा." ती स्वतःही हसली. "किती मोकळं हसतोय!"

मी कान स्पीकरला चिकटवला. ड्रम, बेस, खरखर.

त्याला आता महिना होईल. ती ते गाणं पुन्हा पुन्हा लावायला सांगते, आवडतं म्हणते. मी तिला काही बोललेलो नाही. गिटारची जागा आली की मी फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघत बसतो.

ती हसली, की मला कळतं... तो आलाय.

मला मात्र काहीच ऐकू येत नाही.