एकशे चाळीसचा ठोका

पोटातल्या बाळाचे ठोके मोजणारं नवं मशीन पुसणं, हे राजेश्वरी सिस्टरांचं दुपारचं काम. पारनेरच्या वाटेवरच्या त्या दहा खाटांच्या प्रसूतिगृहात त्यांची बावीस वर्षं गेली होती. रक्त, पाणी, घाण, सगळं त्यांनी हसत काढलं होतं, पण या मशीनची त्यांना मनापासून किळस यायची. पोटाला बांधायचा पट्टा कितीही धुवा, आंबूस वास जात नसे. पट्ट्यातली चकती मशीन बंद असतानाही कोमट लागे. आणि जेल तर निव्वळ शेंबूड!

धाकटी नर्स पूजा मात्र मशीनवर भलतीच खूश. पूर्वी दर अर्ध्या तासाला पोटाला नळी लावून ठोके मोजावे लागत, तेव्हा ही बया न मोजताच एकशे चाळीस लिहून मोकळी व्हायची. आता तर बटण दाबलं की झालं.

त्या दुपारी निकिताला कळा सुरू झाल्या होत्या. उशाशी तिची सासू, मालनबाई.

“सिस्टरबाई, सकाळधरनं पोट गप हाय वो हिचं. पोर हलंना.”

“आजी, हे बघा की, एकशे चाळीस. एकदम छान,” पूजा म्हणाली.

आकडा जागचा हलत नव्हता. जित्या बाळाचा ठोका असा खिळून राहतो होय? सिस्टरांनी जुनी नळी काढून पोटाला लावली, कान टेकवला. या कुशीला, मग त्या कुशीला. आत काहीच नव्हतं.

त्यांनी चकती उचलून उशीवर ठेवली. एकशे चाळीस. स्वतःच्या मनगटावर ठेवली. एकशे चाळीस. ती ओली, ऊनऊन चकती कातडीला चिकटली आणि चाटल्यासारखी हळूच वर सरकली.  सिस्टरांनी ती भिरकावली आणि मशीनची वायरच उपटली.

“मॅडम… वायर काढलीत ना?” पूजा कुजबुजली. “मग हे…”

मशीनमध्ये ठोके चालूच होते.

सिस्टरांनी वळून पाहिलं नाही. अँब्युलन्स बोलावली आणि निकिताला तशीच नगरला धाडली. पोर वाचू दे, एवढंच त्या पुटपुटत राहिल्या.

संध्याकाळी मालनबाईंचा फोन आला.

“सिस्टरबाई, नातू झाला! लई रडतोय. दूध बी वढतोय.”

सिस्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“पन…” मालनबाईंचा आवाज उतरला. “चार डाक्टर नळ्या लावून बसल्यात. छातीत ठोकाच ऐकू येईना म्हनत्यात… त्यो तिथंच ऱ्हायला का वो?”