अंगठ्यातली रेघ

आमच्या ह्यांची पत्रं न्यायला मुंबईच्या संग्रहालयातून संचिता आली, तेव्हा माझा सोमवार होता. तिला पोहे दिले, मी नुसता चहा घेतला. शिरोड्याच्या खाऱ्या हवेत पत्रांना कसर लागत चालली होती. तिच्याकडे ती टिकली असती.

हे चित्रकार. गॅलरीवाल्यांना लिहिलेल्या पत्रांच्या नकला, फ्रेमवाल्याशी कागदावर केलेली भांडणं, मुंबईहून मला धाडलेली पत्रं, सगळं एका पेटीत. प्रत्येक कागदावर घडीपाशी निळा ठसा. रंगाचा हात पुसायची ह्यांना सवयच नव्हती. लहानपणी कालवाच्या धारदार शिंपल्यानं अंगठा कापलेला, म्हणून ठशात मधोमध कोरी रेघ.

"सहीपेक्षा हीच ओळख खरी," संचिता म्हणाली. मग तिनं नोंदीचा कागद पुढे केला. मृत्यूचं वर्ष.

समुद्र रंगवायला हे होडीतून गेले होते. होडी परत आली, रिकामी. हे सापडलेच नाहीत. तेव्हापासून रोज तुळशीला पाणी घालून मी ह्यांच्या आयुष्यासाठी कुंकू लावत होते.

"तेवढं कोरं ठेव गो."

"आये, अजून किती वर्सां वाट बघतलंस?" माझा सर्वेश हळूच म्हणाला.

मी वर्ष लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून कपाळ मोकळं ठेवलं. कुंकवाचा करंडा देवघरात, देवांच्या मागे सरकवला.

पुढच्या सोमवारी, नैवेद्याच्या वेळेला संचिताचा फोन आला.

"काकू, पत्रं देण्याआधी पुसली होतीत का?"

"नाही गो. तुझ्यासमोरच पेटी उघडली."

"अक्षरं आहेत. ठसे नाहीत. एकाही पत्रावर. आणि कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते हो."

मी नैवेद्य दाखवायला तुळशीकडे गेले. लख्ख ऊन होतं. वृंदावनाच्या समुद्राकडच्या अंगाला काहीतरी निळं दिसलं. शेवाळ वाटलं. बोट लावलं तर ओलं. मधोमध कोरी रेघ.

दुसरा ठसा पडवीच्या खांबावर.

मग दाराच्या चौकटीवर.

मग देवघराच्या.

करंडा देवांच्या पुढे होता. उघडा. आतलं कुंकू कोरडं, तसंच्या तसं.

पाठीमागून टर्पेंटाइनचा वास आला. मी डोळे मिटले आणि देवाचं नाव घेत राहिले.

वास गेला. सर्वेश जेवायला आला आणि माझ्या कपाळाकडे बघत दारातच उभा राहिला.

"आये," तो म्हणाला, "ह्यां निळां कुकू खंयसून हाडलंस?"